एकचाकी हलकी करताना: कुठला पार्ट बदलायचा आणि ब्रेक कसा निवडायचा

युनिसायकल, म्हणजे एका चाकाची सायकल, चालवता यायला लागली, गल्ली आणि मैदान सोडून टेकडीवर जायला लागलात, की दोन गोष्टी लगेच जाणवतात. चढावर गाडी जड लागते आणि उतारावर गुडघे बोलायला लागतात. मी २४ इंची गाडी घेऊन पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायला लागलो तेव्हा पहिल्या महिन्यातच हे सुरू झालं. मग हलके पार्ट शोधले, सायकलवाल्या मित्रांना विचारलं, परदेशातून सामान मागवलं. पैसे बरेच गेले, आणि आज बघतो तर क्रम चुकला होता. ज्याला आधी हात लावायला हवा होता ते सगळ्यात शेवटी केलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. दोनचाकी सायकलला चेन असते, फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. आपल्या गाडीत क्रँक (ज्याच्या टोकाला पेडल लागतं तो दांडा) थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसतो. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. (श्लुम्पफचा स्विस गिअर-हब मिळतो, त्यात एका फेऱ्याला चाक साधारण दीड फेरा फिरतं, पण तो महागडा आणि वेगळाच विषय आहे.) त्यामुळे वजन आणि ब्रेक या दोन्ही गोष्टी इथे दोनचाकीसारख्या वागत नाहीत. सायकलवाल्यांचा सल्ला मनापासून दिलेला असतो, पण आपल्याला तो निम्माच लागू पडतो.

कामाला बसण्याआधी जवळ असायला हवं

- व्हर्निअर कॅलिपर. डिजिटल असेल तर उत्तम, साधाही चालेल.
- स्वयंपाकघरातला ५ किलोचा वजनकाटा
- ॲलन कीचा संच, त्यात ८ आणि १० मिमी हवेतच
- १५ मिमीचा पातळ पाना, पेडलसाठी
- तुमच्या हबला चालेल असा क्रँक पुलर, क्रँक ओढून काढायला (याबद्दल खाली वेगळं सांगतो)
- टी-२५ टॉर्क्स की, डिस्कब्रेक लावणार असाल तर
- टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा. विकत घेणं जड जात असेल तर ओळखीच्या गॅरेजातून तासाभरासाठी आणा.
- ग्रीस, थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल
- एक वही. मापं मोबाइलमध्ये हरवतात.

## १. काहीही मागवण्याआधी गाडी मोजा

हे काम कंटाळवाणं आहे, पण यात घालवलेली एक संध्याकाळ पुढचे सहा महिने वाचवते. युनिसायकलच्या सुट्या भागांत एकसारखी दिसणारी पण एकमेकांना न बसणारी मापं भरपूर आहेत.

हब आणि क्रँकचा जोड. क्रँकचा बोल्ट काढून आत बघा. एक्सलचं, म्हणजे हबमधल्या दांड्याचं, टोक चौकोनी दिसलं तर तो स्क्वेअर टेपर, म्हणजे शिकण्याच्या स्वस्त गाड्यांवरचा. गोल एक्सलवर दहा खाचा दिसल्या तर तो आयसिस. क्रिस होम, निंबस या कंपन्यांच्या टेकडीवर चालवायच्या आणि उड्या मारायच्या गाड्या बहुतेक आयसिसवर असतात. क्यू-ॲक्स या जर्मन कंपनीचा स्वतःचा क्यू-ॲक्सल आहे, तो या दोन्हींपेक्षा वेगळा. एका जातीचा क्रँक दुसऱ्या जातीच्या हबवर बसत नाही.

तुमचा हब स्क्वेअर टेपर असेल आणि तुम्हाला टेकडी, पायऱ्या, उड्या करायच्या असतील, तर हलके पार्ट सध्या बाजूला ठेवा. तो जोड असल्या माराला बनवलेलाच नाही. आधी आयसिसचं चाक किंवा पूर्ण गाडी घ्या, मग वजनाचं बघा.

बेअरिंग. इथे बरेच जण फसतात. स्क्वेअर टेपर हबवर बहुधा ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं: आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२ मिमी. ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, मोटारी आणि पंप दुरुस्त करणारे रोज वापरतात. आयसिस हबवर मात्र आतून २२, बाहेरून ४२, रुंदी १२ असं बेअरिंग असतं. दुकानात जाऊन तुम्ही नुसतं "आतून बावीस" म्हणालात तर काउंटरवरून ६०/२२ येईल. त्याचं आतलं माप बरोबर असतं, पण बाहेरचं ४४ मिमी. ते फ्रेमच्या बेअरिंग कॅपमध्ये बसत नाही, आणि ठोकून बसवलं तर कॅपही जाते. "बाहेरून बेचाळीस असेल तर ६००४ घ्या" असंही सांगतात; ६००४ आतून २० असतं, ते एक्सलवरच चढत नाही. म्हणून जुनं बेअरिंग आणि व्हर्निअर दोन्ही बरोबर न्या आणि तिन्ही मापं काउंटरवर समोर मोजून घ्या.

बेअरिंगमधलं अंतर. एका बेअरिंगच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. बहुतेक गाड्यांत ते १०० मिमी असतं. रुंद हबांत, विशेषतः आत डिस्क असलेल्या बऱ्याच हबांत, ते १२५ असतं. १०० च्या फ्रेमचे पाय ताणून १२५ चा हब बसवता येत नाही. तसला प्रयत्न करू नका.

सीटपोस्ट. २२.२, २५.४ आणि २७.२ ही तीन मापं जास्त आढळतात. शेवटच्या दोनांत फरक १.८ मिमीचा आहे आणि तो डोळ्याला दिसत नाही. पोस्ट बाहेर काढून खालच्या टोकाला कोरलेला आकडा बघा. नसेल तर मोजा. पोस्टच्या वर चार बोल्टची पट्टी असते, सीट त्यावर बसते. सायकलची साधी सीट लावायची असेल तर वेगळा जोड लागतो.

फ्रेम. टायरच्या गाठी आणि फ्रेमचा माथा यांत किती जागा आहे, फ्रेमच्या पायांवर रिमब्रेक (रिमेवर पॅड दाबणारा) लावायचे उंचवटे आहेत का, खाली डिस्कब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, धरायला जागा आहे का, हे तपासून ठेवा. ब्रेकच्या निवडीत याचा निर्णायक वाटा असतो.

## २. वजन चाकाच्या कडेवर कमी करा

मी सगळ्यात आधी कार्बनच्या सीटबेसकडे बघत होतो. दिसायला सुंदर, हातात घेतलं तर पिसासारखं. पण सीटचं वजन चाकाबरोबर फिरत नाही. टायर, ट्यूब आणि रिम यांचं वजन फिरतं, आणि तेही केंद्रापासून सगळ्यात लांब. कडेवरच्या १०० ग्रॅमना वेग द्यायला फ्रेममधल्या जवळजवळ २०० ग्रॅमइतकी ताकद लागते, कारण त्यांना पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. दोनचाकीवर एकदा वेग आला की हे विसरायला होतं. एकचाकीवर विसरता येत नाही. तोल सांभाळायला आपण प्रत्येक फेऱ्यात चाक किंचित पुढे ढकलतो आणि किंचित मागे धरतो. टेकडीवर तर प्रत्येक दगडापाशी हे करावं लागतं. जड कडेचं चाक प्रत्येक वेळी विरोध करतं, आणि तासाभराने मांड्यांना ते कळतं.

माझ्या २४ इंची चाकावर ३ इंच रुंदीचा डाउनहिल टायर होता. काट्यावर ठेवला तर १,३८० ग्रॅम. आतली जाड ट्यूब ४१० ग्रॅम. त्याजागी २.६ इंचाचा घडी होणारा टायर आणि साधी ट्यूब टाकली. नवी जोडी भरली १,०९० ग्रॅम. ७०० ग्रॅम कमी झाले, तेही बरोबर कडेवरून. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पहिल्या चढावर मी जवळजवळ पुढे पडलो, कारण पायांनी जुन्याच सवयीने जोर लावला आणि चाक पटकन निघून गेलं. इतका फरक मला दुसऱ्या कुठल्याही पार्टने दिलेला नाही.

टायर निवडताना याही गोष्टी बघा:

अतिपातळ बाजूचा टायर घेऊ नका. एकचाकीवर तुमचं सगळं वजन एकाच टायरवर असतं आणि वळताना आपण त्याला पिळतो. बाजू पातळ असेल तर कमी हवेत टायर दुमडतो. हवा जास्त भरली की उसळतो. माझं वजन ६८ किलो आहे, मी मुरमावर १८ पीएसआय ठेवतो. तुम्ही दोन-दोनने वरखाली करून बघा. ग्रॅमच्या मागे लागण्याआधी हवेचं गणित जमवा, ते फुकट आहे.

टीपीयूच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, नारिंगी-निळ्या ट्यूबा खूपच हलक्या असतात. पण काही कंपन्या त्या फक्त डिस्कब्रेकच्या चाकात वापरायला सांगतात, कारण रिमब्रेकने रिम तापते. ट्यूबच्या खोक्यावरची ओळ वाचा.

मोठ्या चाकावर हे सगळं तसंच्या तसं लावू नका. २९ किंवा ३६ इंची गाडीवर लांब रस्त्याने जाणाऱ्याला चाकाच्या वजनाचा उपयोगही होतो. खड्ड्यावरून जाताना ते चाक तुम्हाला ओढून नेतं. ३६ वर मी सगळ्यात हलका टायर कधीच टाकणार नाही.

रिम बदलायची तर अख्खं चाक पुन्हा विणावं लागतं. नवीन रिमेच्या भोकांची संख्या हबशी जुळवा, बहुधा ३६ असतात. विणणारा कारागीर हाताचा चांगला हवा. युनिसायकलच्या चाकाचे स्पोक दोन्ही बाजूंना सारखेच कलतात, त्यामुळे आउट काढणं, म्हणजे चाक डुलणार नाही असं सरळ करणं, तुलनेने सोपं जातं. हे त्याला आधी सांगा, म्हणजे तो सायकलच्या मागच्या चाकासारखं एका बाजूला ओढून ठेवणार नाही.

## ३. पेडल, सीटपोस्ट, फ्रेम

पेडल लगेच बदला. नायलॉनची खिळ्यांवाली पेडलं स्वस्त आहेत, जोडी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मिळते, आणि घसरून नडगीवर बसलं तर धातूच्या पेडलाइतकी सोलवटत नाहीत. सायकलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात.

सीटपोस्ट तुमच्या उंचीला कापून घ्या. फ्रेमच्या आत पाच-सहा इंच जास्तीची नळी घेऊन फिरण्यात अर्थ नाही. फक्त किमान किती नळी आत राहायला हवी याची खूण पोस्टवर असते. कापल्यावर ती खूण राहत नाही, म्हणून आधी ते अंतर वहीत लिहून ठेवा.

टायटॅनियमची किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम घेऊन फार तर तीन-चारशे ग्रॅम वाचतात, तेही न फिरणारे. हातात पैसे उरले तरच. आणि हब, एक्सल, क्रँकचे बोल्ट हलके करायच्या फंदात पडू नका. ते तुटले तर सावरायला दुसरं चाक नाही.

## ४. क्रँकची लांबी आणि ब्रेक एकत्रच ठरवा

हे मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

टेकडीवर चालवायच्या २४ आणि २६ इंची गाड्यांवर बहुधा १५० मिमीचे क्रँक येतात. लांब क्रँक म्हणजे जास्त ताकद: चढावर पुढे ढकलायला आणि उतारावर मागे धरायला. पण लांब क्रँकवर पाय मोठं वर्तुळ काढतात, कंबर डोलते, सपाटीवर गाडी रेंगाळते. १२५ किंवा १३७ चा क्रँक लावला की फेरा गोल आणि शांत होतो, वेग वाढतो, आणि जोडीमागे थोडं वजनही वाचतं.

मग सगळे आखूड क्रँक का लावत नाहीत? उतारासाठी. आखूड क्रँकवर उतार पायांनी धरायला फार जोर लागतो. तो जोर ब्रेकने घेतला, की १५० ची गरज उतारासाठी उरत नाही, फक्त खड्या चढासाठी उरते. म्हणजे ब्रेक लावल्याने तुम्हाला आखूड क्रँक परवडतो. मी आधी १२५ चे क्रँक मागवले, ब्रेक नव्हता, आणि दोन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. ते क्रँक काढून ठेवले. आठ महिन्यांनी ब्रेक आला तेव्हा तेच क्रँक परत लावले, आणि आजही तेच आहेत.

दोन भोकांचे क्रँकही मिळतात. एकाच क्रँकवर, समजा, १२५ आणि १५० अशा दोन जागी पेडल लावता येतं. किंचित जड असतात, पण लांबी ठरत नसेल तर हेच घ्या. डिस्क लावायचा विचार असेल तर त्याच वेळी डिस्कची जागा असलेला क्रँक मागवा, नाहीतर क्रँकचे पैसे दोनदा जातील.

शर्यतीत उतरायचं मनात असेल तर एक नियम माहीत असू द्या: आंतरराष्ट्रीय युनिसायकल महासंघाच्या ट्रॅक शर्यतींत २४ इंची गटात चाकाचा व्यास ६१८ मिमीपेक्षा जास्त आणि क्रँक १२५ मिमीपेक्षा आखूड चालत नाही.

## ५. ब्रेक कशासाठी आहे ते नीट समजून घ्या

एकचाकीचा ब्रेक थांबायला नसतो. करकचून दाबलात तर चाक जागच्या जागी थांबेल आणि तुम्ही सीटवरून पुढे जाल. थांबायचं ते नेहमीसारखं पायांनीच.

ब्रेक असतो उतारावर गुडघ्यांचं ओझं उचलायला. ब्रेक नसताना उतारावर चाक पळू बघतं आणि तुम्ही प्रत्येक फेऱ्यात वर येणाऱ्या पेडलावर वजन टाकून त्याला मागे धरता. दहा मिनिटं असं उतरून बघा, मांड्या थरथरायला लागतात. ब्रेक असला की एका बोटाने लिव्हर किंचित दाबून ठेवायची, इतकी की चाक स्वतःहून पळणार नाही, आणि मग हलकेच पुढे पेडल मारत उतरायचं, सपाटीवर असल्यासारखं. बारीक तोल पायांनी, उताराचं वजन ब्रेकवर. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा जो सुटकेचा श्वास येतो तो मला अजून आठवतो.

म्हणून आपल्याला ताकदवान ब्रेक नको, मऊ हवा. दाबत जाल तसा हळूहळू धरणारा. दोनचाकीवर कौतुकाने सांगतात तो "एकदम चावणारा" ब्रेक इथे धोक्याचा.

फक्त सपाट मैदानात, २० इंची गाडीवर खेळत असाल तर ब्रेक लावू नका. वजन आणि खर्च दोन्ही वाया.

## ६. रिमब्रेक की डिस्क

हायड्रॉलिक रिमब्रेक. मागुराचा एचएस-३३ हा यातला जुना जाणता. फ्रेमला उंचवटे असतील तर हब, क्रँक काहीही न बदलता बसतो. मऊ धरतो. पॅड झिजले की लिव्हरवरच्या चकतीने जवळ आणता येतात. तोटे असे: चाक आउट असेल तर एका बाजूला घासत राहतो, पावसात रिम ओली झाली की जोर जातो, आणि रंगवलेल्या रिमेवर आधी रंग निघेपर्यंत किंचाळतो. रुंद टायर असेल तर चाक काढताना एका बाजूचा पॅड सोडावा लागतो.

बाहेरची डिस्क. रोटर, म्हणजे ब्रेकची गोल पातळ चकती, क्रँकच्या आतल्या अंगाला बसतो आणि कॅलिपर फ्रेमच्या पायाच्या बाहेर. हब तोच राहतो, पण क्रँक डिस्कसाठीचा हवा आणि फ्रेमवर कॅलिपरची जागा हवी. जागा नसेल तर बेअरिंग कॅपच्या ठिकाणी अडकवायचा डी-ब्रेक नावाचा जोड मिळतो. चिखलात, पावसात उत्तम चालतो. रोटर घोट्याजवळ असतो, तेव्हा लांब उतारानंतर उघड्या पायाला तापलेला रोटर लागणार नाही याची काळजी घ्या. दगडावर पडून वाकण्याची भीतीही याला जास्त.

आतली डिस्क. रोटर फ्रेमच्या आत, स्पोकांच्या बाजूला, त्यामुळे सुरक्षित. पण हब आणि फ्रेम दोन्ही त्यासाठीच बनवलेले लागतात. जुन्या गाडीवर हे करू नका. नवी गाडी घेताना मात्र विचार जरूर करा.

माझं मत: फ्रेमला उंचवटे असतील आणि तुम्ही कोरड्या दिवसांतच जास्त चालवत असाल, तर रिमब्रेक घ्या आणि पैसे टायरवर घाला. सह्याद्रीत पावसाळ्यात चालवणार असाल तर डिस्कच. जून ते सप्टेंबर लाल चिखलात रिमब्रेक मी वापरून पाहिलाय, पॅड महिन्यात संपले.

रोटर २४ आणि २६ इंची चाकाला १६० मिमीचा पुरतो आणि मऊही राहतो. चाक मोठं, अंगाने तुम्ही भारी, किंवा सिंहगडाच्या घाटासारखा लांब उतार रोजचा, तर १८०. पॅडमध्ये सुरुवातीला रेझिनचे घ्या, ते शांत आणि मऊ धरतात. धातूमिश्रित पॅड चिखलात जास्त टिकतात.

## ७. लिव्हर, नळी आणि तेल

लिव्हर सीटच्या नाकाखाली, पुढच्या हँडलजवळ बसते आणि हँडल धरलेल्या हाताच्या एका बोटाने वर ओढायची असते. एका बोटाची आखूड लिव्हर निवडा. तिचा क्लॅम्प अगदी घट्ट आवळू नका: पडल्यावर गाडी बहुधा सीटवरच आपटते, तेव्हा लिव्हर फिरली तर वाचते, घट्ट असली तर मोडते.

दोनचाकीसाठीचा ब्रेक घेतला तर नळी फार लांब येते, कापावी लागते आणि मग ब्लीड करावं, म्हणजे तेल भरून आतली हवा काढावी, लागतं. कापताना सीट सगळ्यात वर घेऊन माप घ्या आणि चार बोटं जास्त ठेवा. नळी फ्रेमच्या पायाला बांधा. गुडघा आणि क्रँक दोन्ही पूर्ण फिरवून बघा, कुठे घासते का.

ब्लीडिंग काळजीने करायचं कारण असं की आपली लिव्हर दोनचाकीसारखी आडवी सरळ नसते. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो लगेच नळीत जातो. गाडी आडवी पडून उचलली की निघण्याआधी लिव्हर दोन-तीनदा दाबून बघायची सवय लावा.

तेलाचं मात्र लक्षपूर्वक वाचा. शिमानो आणि मागुराच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, इतर काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट तेल. एका दुकानात माझा शिमानोचा ब्रेक ब्लीडला दिला, तिथे मोटारसायकलचं डॉट तेल घातलं. आठवडाभरात आतले रबरी सील फुगले, लिव्हर दाबली की परत येईना. धुऊन उपयोग होत नाही, लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही नवे घ्यावे लागले. तेव्हापासून तेलाची बाटली मी स्वतः घेऊन जातो आणि समोर उभा राहतो.

## ८. काय इथे घ्यायचं, काय बाहेरून मागवायचं

सगळंच बाहेरून मागवू नका. पेडल, ट्यूब, २६, २७.५ आणि २९ इंची टायर, शिमानोचे ब्रेक, रोटर, पॅड हे सगळं आपल्याकडे माउंटन बाइकच्या दुकानांत मिळतं. २४ इंचाचा रुंद टायर मिळणं कठीण. नवी गाडी घेत असाल तर हे लक्षात ठेवूनच चाकाचा आकार ठरवा. हब, क्रँक, फ्रेम, सीट आणि लिव्हरचा जोड मात्र ब्रिटन किंवा जर्मनीतल्या युनिसायकलच्या दुकानांतून मागवावा लागतो.

मागवताना सगळं एकाच पार्सलमध्ये घ्या, पाठवणी आणि कस्टम्सचा खर्च प्रत्येक पार्सलला वेगळा लागतो. त्याच पार्सलमध्ये क्रँकचे स्पेसर, जास्तीचे बोल्ट आणि बेअरिंगची एक जोडी घालाच. त्या शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी महिनाभर गाडी भिंतीला टेकून उभी राहते. बिलावर खरी किंमत आणि "सायकलचे सुटे भाग" असा स्पष्ट उल्लेख असू द्या, आणि ओळखपत्राची प्रत तयार ठेवा, कुरिअरवाले मागतात.

## ९. बसवताना

पुलर. स्क्वेअर टेपरच्या पुलरचं टोक बारीक असतं. आयसिसच्या पोकळ एक्सलवर ते लावलंत तर टोक बोल्टच्या भोकात शिरतं आणि आतले आटे जातात. हब निकामी. आयसिससाठी रुंद टोकाचा पुलर किंवा त्यावर बसणारी टोपी वापरा.

स्पेसर. बेअरिंग आणि क्रँकच्या मध्ये स्पेसर असतो. तो विसरलात तर क्रँक जास्त आत जाऊन थेट बेअरिंगवर दाब देतो. काढताना कुठल्या बाजूला किती होते ते लिहून ठेवा. मग बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळा आणि पहिल्या दोन फेरफटक्यांनंतर पुन्हा तपासा. क्रँक "टक्" करायला लागला तर तिथेच उतरून गाडी हातात घेऊन घरी या. सैल क्रँकवर एक किलोमीटर चालवलं तरी त्याच्या खाचा गोल होतात.

बेअरिंग कॅप. माझी सगळ्यात लांबलेली चूक हीच. कॅपचे स्क्रू मी जोर लावून आवळले होते, सुटू नयेत म्हणून. तीन महिने गाडी जड चालत होती आणि मी दोष टायरला देत होतो. एकदा गाडी उचलून चाकाला हाताने झटका दिला: दीड फेऱ्यात थांबलं. स्क्रू पाव-पाव फेरा सैल केले, आणि तेच चाक मिनिटभर फिरत राहिलं. कॅप बेअरिंग नुसतं धरून ठेवते, दाबत नाही. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, दर वेळी चाक फिरवून बघा, फिरणं कमी व्हायला लागलं की थांबा. सुटण्याची भीती थ्रेडलॉकच्या एका थेंबाने जाते.

डावं-उजवं. क्रँक आणि पेडलावर एल आणि आर कोरलेलं असतं. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. चाक फ्रेममध्ये उलटं बसलं तर डावा क्रँक उजवीकडे जातो आणि चालवता चालवता पेडल आपोआप सुटायला लागतं. चाक बसवल्यावर गाडीवर बसून खाली बघा: डाव्या पायाखाली एल दिसलाच पाहिजे.

रोटर. तेलकट बोटांनी धरू नका. लावून झाला की अल्कोहोलने पुसा. चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला.

## १०. पहिला उतार

नवे पॅड पहिल्या दिवशी नीट धरत नाहीत, त्यांना रोटरवर रुळावं लागतं. सोसायटीच्या पार्किंगचा सौम्य उतार किंवा पुलाचा उतरता रस्ता निवडा, सकाळी लवकर, वाहनं नसताना. गुडघ्याला पॅड, हातमोजे, हेल्मेट. लिव्हर हलकी दाबून पुढे पेडल मारत खाली या, चालत वर जा, पुन्हा या. पंचवीस-तीस वेळा. दाब कमी-जास्त करत बसू नका. उताराच्या सुरुवातीला एक दाब ठरवा, तो तसाच ठेवा, आणि उरलेलं सगळं पायांवर सोडा. नवखे लोक घाबरले की बोट आवळतात आणि पुढे पडतात. घाबरलात तर बोट सोडायचं, हे हाताला आधी या सौम्य उतारावरच शिकवा.

पाचव्या-सहाव्या दिवशी टेकडीवर जा. मुरमाच्या उतारावर पहिल्यांदा सीट दोन सेंटिमीटर खाली घ्या, नजर चाकावर नको, दहा-बारा फूट पुढे असू द्या. अर्ध्या वाटेत एकदा थांबून रोटरजवळ हात न्या, न लावता. ऊब जाणवली तर पाच मिनिटं पाणी पीत बसा आणि मग उरलेला उतार उतरा.